बायोमार्कर म्हणजे काय, त्याचे प्रकार किती आणि टेस्ट नक्की कशासाठी करायची: लॅबच्या काउंटरवर नेहमी येणारे प्रश्न

मी डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, करून गेली १६ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. सकाळी सातला शटर उघडायच्या आधीच बाहेर उपाशीपोटी आलेली माणसं उभी असतात, आणि सुई टोचता टोचता तेच तेच प्रश्न येतात, ज्यांचं उत्तर गर्दीत दोन मिनिटांत देऊन भागत नाही, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितेय. मी डॉक्टर नाही, औषधपाणी सांगणार नाही. पण रक्त नळीत उतरल्यापासून ते रिपोर्टवर आकडा छापला जाईपर्यंतचं सगळं माझ्या हातून जातं, आणि त्यातून एक गोष्ट पक्की कळलीय: मशीन फक्त आकडा देतं, त्याला अर्थ येतो तो तुम्ही कुठला प्रश्न घेऊन आलात त्यावरून.

ताई, हा बायोमार्कर म्हणजे नवीन टेस्ट निघालीय का?

नाही हो. शब्द नवीन वाटतो, बाकी गोष्ट जुनीच आहे. शरीरातली जी खूण मोजता येते आणि जिच्यावरून आत काय चाललंय ते कळतं ती खूण म्हणजे बायोमार्कर. "मला थकवा येतो", "छातीत भरून येतं" हे तुम्ही सांगता ती लक्षणं, आणि हिमोग्लोबिन ८ आलं हा मार्कर. रक्तच लागतं असंही नाही, बीपी मार्करच आहे, ताप मार्कर आहे, ईसीजीवरची रेघ, हाडांच्या डेक्सा स्कॅनचा टी-स्कोअर, प्रेग्नन्सीच्या पट्टीवर लघवीतल्या एचसीजीमुळे उमटणारी दुसरी लाइन, सगळे मार्करच. आपल्याकडे लघवीला मुंग्या लागल्या की साखर आहे असं म्हातारी माणसं म्हणायची, ती पण खूण वाचणंच होतं. १८४० च्या दशकात लंडनच्या हेन्री बेन्स जोन्स या डॉक्टरांनी हाडं ठिसूळ झालेल्या एका पेशंटच्या लघवीतलं विचित्र प्रोटीन तपासलं, जे तापवलं की साकळायचं आणि अजून उकळलं की परत विरघळायचं. मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेच्या कॅन्सरच्या पेशंटमध्ये ते प्रोटीन आजही शोधतात, आणि कॅन्सरचा पहिला मार्कर म्हणून त्याचंच नाव घेतात.

प्रकार किती आहेत?

अमेरिकेतल्या एफडीए आणि एनआयएच या दोन संस्थांनी मिळून २०१६ मध्ये सात प्रकार ठरवले, आता बहुतेक ठिकाणी तेच धरतात. इंग्रजी नावं पाठ करत बसू नका, सात प्रश्न लक्षात ठेवा. मला हा आजार पुढे होऊ शकतो का? आत्ता झालाय का? झालाय तर तो वाढतोय की कमी होतोय? यापुढे तो कसा वागेल? हे विशिष्ट औषध मला लागू पडेल का? औषध घेतलं तर शरीरावर काही परिणाम दिसतोय का? आणि औषध मला बाधत तर नाही ना? रिस्क, डायग्नॉस्टिक, मॉनिटरिंग, प्रॉग्नॉस्टिक, प्रेडिक्टिव्ह, रिस्पॉन्स आणि सेफ्टी अशी ती सात नावं, याच क्रमाने.

आता गोंधळ इथे होतो की एकच मार्कर दोन-तीन खान्यांत बसतो. बीपी घ्या. बीपी वाढलंय म्हणून ब्लड प्रेशरचं निदान होतं, तेच बीपी पुढे लकव्याचा धोका सांगतं, आणि गोळी सुरू केल्यावर गोळी काम करतेय की नाही तेही सांगतं. उलट काही मार्कर एका प्रश्नाला एकदम चोख उत्तर देतात आणि दुसऱ्याला अजिबात देत नाहीत. पुढची सगळी उत्तरं या एका वाक्यावर उभी आहेत म्हणून ते परत एकदा वाचा.

एचबीएवनसीला उपाशी यायचं का? आणि बोट टोचून साखर बघतो तर ही वेगळी कशाला?

उपाशी नको, कधीही या. रक्तातली साखर हिमोग्लोबिनला चिकटते, आणि लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून किती हिमोग्लोबिनला साखर चिकटलीय ते मोजलं की मागच्या दोन-तीन महिन्यांचा सरासरी हिशोब मिळतो. त्यामुळे रिपोर्टच्या आदल्या आठवड्यात गोड बंद करून फार काही साधत नाही. ६.५ टक्के किंवा वर डायबेटिस, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर. निदानालाही हाच आणि नंतर लक्ष ठेवायलाही हाच.

पण हा सगळा हिशोब लाल पेशी नीट १२० दिवस जगते यावर आहे, आणि आपल्याकडे तीच गोष्ट गृहीत धरता येत नाही. लोह कमी असलेल्या बायकांमध्ये एचबीएवनसी खोटाच जास्त येऊ शकतो. सिकलसेलमध्ये पेशी लवकर फुटतात, मग साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटाच कमी येतो, नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भात सिकलसेल किती आहे ते माहीतच आहे. नुकतं रक्त चढवलं असेल तरी तोच घोळ. आमच्याकडे एक बाई आल्या होत्या, एचबीएवनसी ६.७, शेतात काम करणाऱ्या, साखरेचं काहीच लक्षण नाही, घरात रडारड. सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, बघितला तर हिमोग्लोबिन ७.९. डॉक्टरांनी उपाशीपोटीची आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी अशी साखर करून घेतली, दोन्ही नॉर्मल. त्यांना गरज होती लोहाची. म्हणून एचबीएवनसी करताय तर सीबीसी सोबत असू द्या.

छातीत दुखतंय, आधी ट्रोपोनिन करून बघू का?

नाही. लॅबमध्ये येऊ नका, सरळ हॉस्पिटलला जा, जिथे ईसीजी आहे तिथे. हे कळकळीने सांगतेय कारण एकदा एक गृहस्थ घामाने भिजलेले काउंटरला येऊन "ट्रॉप करा, पैसे किती" विचारत होते, त्यांना रिक्षात घालून पाठवावं लागलं.

ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रोटीन, स्नायूला इजा झाली की रक्तात येतं. पण यायला वेळ लागतो, काही तास. दुखायला लागून तासाभरात रक्त दिलं तर अटॅक असूनही पहिला रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो, म्हणूनच हॉस्पिटलमध्ये काही तासांनी परत घेतात आणि आकडा चढतोय का ते बघतात. लोक म्हणतात दोनदा बिल लावायला घेतात, तसं नाही, निदान त्या चढण्यावरच आहे. कारण किडनी फेल असलेल्यांमध्ये ट्रोपोनिन बारमाही थोडा वरच असू शकतो, फक्त तो आज आहे तसा उद्याही असतो.

फुल बॉडी पॅकेजमध्ये कॅन्सर मार्कर फुकट मिळतायत, करून घेऊ ना?

यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

सीए १२५ (अंडाशय), सीईए (आतडं), सीए १९-९ (स्वादुपिंड), एएफपी (लिव्हर), पीएसए (प्रोस्टेट) हे मार्कर वाईट नाहीत, खूप कामाचे आहेत. आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या माणसाचा सीईए दर तीन-सहा महिन्यांनी बघतात, तो खाली जाऊन नंतर हळूहळू चढायला लागला तर लक्षणं यायच्या आधी सुगावा लागतो. हा झाला मॉनिटरिंगचा प्रश्न. पण धडधाकट माणसाने "मला कुठे कॅन्सर आहे का" हा प्रश्न घेऊन तीच टेस्ट केली तर ती उत्तर द्यायला असमर्थ आहे, ती त्या कामाची नाहीच. सीए १२५ पाळीच्या दिवसांत वाढतो, गरोदरपणात वाढतो, एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढतं तो आजार) वाढतो, पोटाच्या टीबीत तर खूप वाढतो आणि आपल्या देशात टीबी किती आहे. सीईए सिगारेट ओढणाऱ्यांचा थोडा वर असतो. पीएसए प्रोस्टेटची गाठ साधी असली तरी वाढतो, लघवीच्या इन्फेक्शनने वाढतो, कॅथेटर घातला तरी वाढतो, आणि उलट बाजूने ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइडची गोळी चालू असेल तर तो साधारण निम्म्यावर येतो, म्हणजे २.५ आलेला खरा ५ असू शकतो. काही लोकांच्या शरीरात तर सीए १९-९ जन्मतःच बनत नाही, त्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर असला तरी रिपोर्ट निवांत दिसेल.

गणित करून दाखवते. समजा १००० धडधाकट माणसं आहेत, त्यातल्या १० जणांना खरंच आजार आहे, आणि टेस्ट ९० टक्के बरोबर आहे, आजारी ओळखण्यात पण आणि निरोगी ओळखण्यात पण. १० पैकी ९ सापडले. छान. उरलेल्या ९९० निरोगी लोकांपैकी १० टक्के म्हणजे ९९ जणांचा रिपोर्ट पण पॉझिटिव्हच येणार. एकूण १०८ लोकांच्या हातात पॉझिटिव्ह रिपोर्ट, त्यातले खरे आजारी ९. बाकीच्या ९९ घरांत त्या रात्री कोणी जेवत नाही.

मी हे बघितलंय. ३४ वर्षांची मुलगी, ऑफिसच्या पॅकेजमध्ये सीए १२५ होता, आला ६८, नॉर्मल ३५ पर्यंत. मोबाइलवर शोधून आली आणि काउंटरला उभ्याउभ्या रडायला लागली, सोबत चार वर्षांचा मुलगा होता आणि तो तिची ओढणी ओढत होता. पुढे सोनोग्राफीत चॉकलेट सिस्ट निघाली, एंडोमेट्रिओसिस, कॅन्सर नाही. मधले अकरा दिवस तिने कसे काढले ते तिलाच माहीत. त्यानंतर मी पॅकेज विकताना हा भाग आधी समजावून सांगते, आणि कोणी म्हटलं काढून टाका तर काढून टाकते.

घरात कोणाला कॅन्सर आहे, काही लक्षण आहे, तर पॅकेज नको, डॉक्टरांकडे जा. बायकांनी गर्भाशयमुखाची पॅप किंवा एचपीव्ही तपासणी करून घ्या, ती धडधाकट माणसासाठीच बनवलेली आहे.

मग ते हर टू, ईआर, पीआर काय असतं? ते पण ट्यूमर मार्करच ना?

हो, पण काम पूर्ण वेगळं. इथे कॅन्सर आहे हे बायोप्सीने आधीच ठरलेलं असतं, आता प्रश्न आहे "कुठलं औषध लागू पडेल", म्हणजे प्रेडिक्टिव्ह. आणि मला विचाराल तर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पेशंटचं आयुष्य खरंच कोणी बदललं असेल तर या प्रकाराने.

स्तनाच्या कॅन्सरच्या गाठीवर हर टू हे प्रोटीन खूप असलं की गाठ आक्रमक असते. पूर्वी ही नुसती वाईट बातमी होती. १९९८ मध्ये ट्रॅस्टुझुमॅब आलं, नेमकं हर टूलाच धरणारं, आणि तोच मार्कर आता औषधाचा दरवाजा झाला. रिपोर्टवर ०, १+, २+, ३+ असं येतं. ३+ म्हणजे पॉझिटिव्ह, २+ म्हणजे नक्की सांगता येत नाही, मग फिश नावाची पुढची टेस्ट करतात जी जनुकाच्या प्रती मोजते. ईआर पीआर म्हणजे गाठीच्या पेशींतली हार्मोन पकडणारी प्रोटीनं, ती पॉझिटिव्ह असतील तर टॅमॉक्सिफेनसारख्या हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या चालतात, निगेटिव्ह असेल तर त्या देऊन उपयोग नाही. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये ईजीएफआर हे जनुक, तिथे बदल सापडला तर किमोऐवजी गोळीवर उपचार सुरू होऊ शकतात, आणि हा बदल आशियाई लोकांत युरोपियन लोकांपेक्षा जास्त सापडतो. रक्ताच्या सीएमएल कॅन्सरमध्ये बीसीआर-एबीएल हे दोन जनुकं जोडली जाऊन झालेलं जनुक, २००१ मध्ये इमॅटिनिब आलं आणि पूर्वी जो आजार काही वर्षांत माणूस घेऊन जायचा त्यात आता लोक नोकऱ्या करतात, दर तीन महिन्यांनी रक्त देतात आणि बीसीआर-एबीएलची टक्केवारी ०.१ च्या खाली आहे ना ते बघतात.

यात नातेवाइकांच्या हातात असलेली एक गोष्ट सांगते. ऑपरेशन थिएटरमधून काढलेला तुकडा बऱ्याचदा तुमच्याच हातात देतात, लॅबला नेऊन द्या म्हणून. तो फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रवात, आहे ना ते विचारा. एकदा सलाइनमध्ये घातलेला तुकडा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्याकडे आला, मऊ पडलेला, कडेने पांढुरका. अशा तुकड्यावर हर टू भरवशाचं येत नाही, आणि तुकडा परत काढता येत नाही. तसंच टाटाला किंवा दुसऱ्या मोठ्या हॉस्पिटलला जाताना नुसता रिपोर्टचा कागद नेऊ नका, आधीच्या लॅबमधून मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या, तिकडे परत तपासतात.

आईला स्तनाचा कॅन्सर होता, मी बीआरसीए करू का?

बीआरसीए १ हे जनुक १९९४ मध्ये आणि बीआरसीए २ त्याच्या पुढच्या वर्षी सापडलं. यात दोष असला तर स्तनाचा आणि अंडाशयाचा धोका खूप वाढतो. पण "धोका" हा शब्द नीट ऐका, हे रिस्क मार्कर आहेत, आजार झालाय असं सांगत नाहीत. आणि शक्यतो आधी ज्यांना कॅन्सर झालाय त्यांची टेस्ट करतात, त्यांच्यात दोष सापडला तर तोच दोष मुलीत, बहिणीत, मुलग्यातही शोधता येतो. जेनेटिक काउन्सेलरशी बोलून करा, कारण रिपोर्ट फक्त तुमचा नसतो, सगळ्या घराचा असतो.

टीबीच्या गोळ्या चालू आहेत, मग लिव्हरची टेस्ट सारखी का?

हा सेफ्टी मार्कर. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड तिन्ही लिव्हरला त्रास देऊ शकतात, एसजीपीटी हे लिव्हरचं एन्झाइम रक्तात चढायला लागलं तर कावीळ व्हायच्या आधी कळतं. मनाने गोळ्या बंद मात्र करू नका. मलेरियात प्रायमाक्विन द्यायच्या आधी जीसिक्सपीडी हे लाल पेशीतलं एन्झाइम बघतात, ते कमी असलेल्यांच्या लाल पेशी त्या गोळीने फुटतात. फिट्सवरच्या कार्बामाझेपिनच्या आधी एचएलए-बी १५०२ नावाची टेस्ट सांगतात, काही आशियाई लोकांना ते औषध घेतल्यावर अंगावरची कातडी सोलून निघण्याइतकी भयंकर रिअॅक्शन येते. आणि हृदयाची झडप बदललेल्यांचं आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा, ते तर महिन्याच्या किराण्यासारखं ठरलेलं, कमी झालं तर गुठळी, जास्त झालं तर रक्तस्राव.

रिपोर्टवर "एच" आलाय, ठळक अक्षरात. काय झालंय मला?

"एच" म्हणजे आकडा नॉर्मलपेक्षा जास्त. कदाचित काहीच झालेलं नाही. नॉर्मल रेंज कशी काढतात तर निरोगी लोकांचे आकडे घेऊन मधले ९५ टक्के धरतात, म्हणजे १०० निरोगी लोकांत ५ जण रेंजबाहेर पडणारच. तुम्ही एकमेकांशी संबंध नसलेल्या २० टेस्ट केल्या तर एखादी तरी बाहेर जायची शक्यता ६४ टक्के येते. ८० टेस्टचं पॅकेज करून एकही ठळक अक्षर नको, असं होत नाही.

दोन लॅबचे आकडे वेगळे आले, चुकीचं कोण?

बहुधा कोणीच नाही. मशीन वेगळं, किट वेगळं. म्हणून ज्या मार्करवर लक्ष ठेवायचंय तो एकाच लॅबमध्ये करत राहा, आणि लॅबला त्या टेस्टसाठी एनएबीएल, म्हणजे लॅबच्या दर्जाची मान्यता, आहे का ते बघा.

पण रिपोर्ट चुकतच नाही का कधी?

चुकतो. आणि मशीनपेक्षा जास्त मशीनच्या आधी चुकतो. दंडाला पट्टा फार वेळ बांधला, रक्त जोरात ओढलं, नळी खूप हलवली की लाल पेशी फुटतात, सेंट्रिफ्यूजमधून नळी काढली की वरचं सीरम पिवळसर दिसायच्या ऐवजी कोकमाच्या आगळासारखं लाल दिसतं, आणि त्यात पोटॅशियम खोटाच जास्त येतो. जांभळ्या बुचाच्या नळीतलं रक्त चुकून दुसऱ्या नळीत ओतलं तरी पोटॅशियम चढतो आणि कॅल्शियम पडतं. अशा वेळी आम्ही फोन करून परत बोलावतो, रागावू नका हो, ती लॅब चांगली आहे असं समजा.

दुसरं कारण लोकांना माहीतच नसतं: केसांच्या आणि नखांच्या गोळ्या. त्यातलं बायोटिन जास्त डोसमध्ये असेल तर बऱ्याच मशीनच्या टेस्ट फसतात. एका मुलीचा टीएसएच एकदम कमी आणि टीफोर जास्त आला, थायरॉइड वाढल्यासारखा, पण नाडी ७२, वजन तेवढंच, हात स्थिर. विचारलं तर केस गळतात म्हणून रोज १० मिलिग्रॅम बायोटिन. डॉक्टरांच्या सांगण्यावरून आठवडाभर बंद करून परत रक्त घेतलं, सगळं नॉर्मल. याने ट्रोपोनिनसुद्धा खोटा कमी येऊ शकतो आणि अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये तसा इशाराच दिला होता. तेव्हा रक्त देताना गोळ्यांचं पाकीट दाखवा, आयुर्वेदिक आणि पावडरी पण.

डेंगूला एनएस वन निगेटिव्ह आला म्हणजे डेंगू नाही ना?

तापाचा कितवा दिवस आहे ते आधी सांगा. एनएस वन हे डेंगूच्या विषाणूचं प्रोटीन, पहिल्या चार-पाच दिवसांत सापडतं, मग कमी होतं, आयजीएम म्हणजे शरीराने बनवलेली अँटीबॉडी त्यानंतर वाढते. सातव्या दिवशी नुसता एनएस वन करून निश्चिंत होऊ नका.

आकडा सुधारला म्हणजे आजार सुधारला असंच ना?

बहुतेक वेळा हो, आणि बीपी, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, एचआयव्हीचा व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूंचं प्रमाण) यांच्या बाबतीत हे पुष्कळ वेळा तपासून झालंय. पण नेहमी नाही. हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांच्या हृदयात जादा ठोके पडतात आणि असे लोक जास्त दगावतात, म्हणून ते ठोके बंद करणारी औषधं दिली जायची, ईसीजी अगदी स्वच्छ व्हायचा. शेवटी नीट ट्रायल झाली, कास्ट नावाची, १९८९ मध्ये निकाल आला आणि एन्केनाइड, फ्लेकेनाइड घेणारे लोक खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त दगावले होते. मार्कर सुधारला, माणूस गेला. टॉर्सेट्रॅपिब नावाच्या औषधाने चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल भरपूर वाढायचं, पण मृत्यू वाढलेले दिसल्यावर २००६ च्या डिसेंबरमध्ये ट्रायल थांबवली. म्हणून नवीन औषधाची जाहिरात "हा आकडा इतका सुधारतो" म्हणाली की विचारा, माणसं जास्त जगली का, अटॅक कमी आले का.

जुने रिपोर्ट किती वर्षं ठेवायचे?

फेकूच नका. माझे मामा डायबेटिसचे, रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेले, दर वेळी फक्त "एच" आहे का बघायचे आणि नाही म्हटल्यावर खूश. दिवाळीत मी ती पिशवी सतरंजीवर ओतली आणि तारखेप्रमाणे लावली. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम सांगणारा मार्कर, ०.८, मग ०.९, मग १.०, मग १.२. पाच वर्षांत एकदाही रेंजच्या बाहेर नाही, त्यामुळे एकदाही ठळक अक्षर नाही, आणि किडनी मात्र दर वर्षी थोडी थोडी खाली सरकत होती. क्रिएटिनिन तसाही उशिराच बोलतो, किडनीचं बरंच काम गेल्यावर. आधी बोलतो तो लघवीतला अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, तो त्यांनी कधीच केला नव्हता. केला, ३० च्या आत हवा तो १८० आला. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी बीपीची गोळी बदलली. मामांनी मग फुटपट्टीने रेघा मारून वहीत तक्ता केलाय, तारीख, क्रिएटिनिन, रेशो, बीपी, आणि आता लॅबला आले की बाही वर करायच्या आधी ती वही उघडून माझ्यापुढे ठेवतात.